जमिनीखालचे कोल्हापूर

कोल्हापूर हे पाण्याचे वरदान लाभलेले शहर आहे. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्या, आणि लोकांच्या श्रद्धेप्रमाणे गुप्तपणे वाहणारी पाचवी सरस्वती, यांचा संगम शहराजवळ प्रयाग चिखली येथे होतो. तेथून पुढे पंचगंगा हे नाव धारण करून नदी शहराला वळसा घालते आणि पूर्वेकडे निघून जाते. शहराच्या दुसऱ्या अंगाला रंकाळ्याचा विस्तीर्ण जलाशय आहे. पूर्वी तर भर वस्तीतही तळी होती. आज जेथे गांधी मैदान आहे, तेथे वरुणतीर्थ नावाचे तळे होते. कपिलतीर्थाच्या जागी आता मंडई भरते. तळी बुजली, पण शहराचे आणि पाण्याचे नाते तुटले नाही.

हे पाणी शहरात कसे येते, ते बहुतेकांना ठाऊक असते. उपसा केंद्रातील पंप पाणी खेचतात, शुद्धीकरण केंद्रात ते स्वच्छ होते, उंच टाक्यांत चढते आणि नळांवाटे घरोघरी पोहोचते. एखाद्या दिवशी नळ कोरडा राहिला, तर गल्लीभर त्याची चर्चा होते. परंतु वापरून झालेले पाणी कोठे जाते, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. मोरीत ओतलेले पाणी जाळीखाली गेले, की मनुष्य त्याला विसरतो. जे डोळ्यांआड झाले ते नाहीसे झाले, अशी त्याची समजूत असते. ही समजूत खोटी आहे. मोरीतून गेलेले पाणी नाहीसे होत नाही. ते एका लांबच्या प्रवासाला निघते.

हे पाणी थोडेथोडके नसते. शहरातील प्रत्येक माणसाला दिवसाला सुमारे १३५ लिटर पाणी मिळावे, असे प्रमाण आपल्या देशात योजना आखताना धरले जाते. त्यापैकी पिण्यात, झाडांना घालण्यात आणि वाफ होऊन जाण्यात थोडेसे खर्ची पडते. सुमारे चार पंचमांश भाग, म्हणजे १०८ लिटर पाणी, सांडपाणी होऊन घराबाहेर पडते. पाच माणसांच्या कुटुंबाचा हिशेब केला, तर तो दिवसाला ५४० लिटर होतो. पंधरा लिटरची एक घागर धरली, तर एकट्या घरातून रोज छत्तीस घागरी सांडपाणी बाहेर जाते. सगळ्या शहराचे पाणी एकत्र केले, तर त्याची लहानशी नदीच होईल. ही नदी उघड्यावर वाहू लागली, तर शहरात राहणे अशक्य होईल. म्हणून ती जमिनीखालून वाहून न्यावी लागते. तिच्या मार्गाला भुयारी गटार किंवा मैलावाहिनी असे म्हणतात.

या वाहिनीचा आरंभ घरातल्या न्हाणीतच होतो. न्हाणीच्या जाळीखाली गवंडी एक वाकडा भाग बसवितो. त्याला नहाणी ट्रॅप म्हणतात. या वाकणात नेहमी थोडे पाणी साचून राहते. वरवर पाहता ही रचना निरर्थक वाटेल. पण या ओंजळभर पाण्याने फार मोठे काम साधते. वाहिनीतील दुर्गंधी आणि विषारी वायू घरात शिरू पाहतात, तेव्हा हेच पाणी दाराशी बसलेल्या राखणदाराप्रमाणे त्यांना अडविते. पुष्कळ दिवस बंद असलेल्या घरात वास येऊ लागतो, त्याचे एक कारण हेच, की वाकणातील पाणी सुकून जाते आणि राखणदाराची जागा रिकामी पडते.

घराघरांतील लहान नळ गल्लीतल्या वाहिनीला मिळतात, गल्लीतील वाहिन्या रस्त्याखालच्या मोठ्या वाहिनीला मिळतात आणि त्या मोठ्या वाहिन्या मुख्य वाहिनीला जाऊन मिळतात. ओढे नदीला मिळावेत, तशीच ही रचना असते. पिण्याचे पाणी नळांतून दाबाने ढकलले जाते. सांडपाणी मात्र आपल्या वजनानेच उताराकडे वाहत जाते. यास्तव वाहिनी टाकताना उतार साधणे हे सर्वांत महत्त्वाचे काम असते. उतार फार कमी ठेवला, तर पाणी रेंगाळते आणि त्यातील गाळ तळाशी बसतो. पाण्याने दर सेकंदाला निदान साठ सेंटिमीटर अंतर तोडले, तर ते आपला गाळ आपणच वाहून नेते. दोनशे मिलिमीटर व्यासाच्या नळाला त्यासाठी शंभर मीटर अंतरात सुमारे चाळीस सेंटिमीटर उतार द्यावा लागतो. इतका सूक्ष्म उतार काळा कातळ फोडून, वळणावळणाच्या गल्ल्यांतून, शेकडो मीटर अचूक राखायचा असतो. एखाद्या ठिकाणी नळ बोटभर खचला, तरी तेथे डबके साचते आणि पुढे तेच तुंबण्याचे ठिकाण होते.

वाहिनीच्या मार्गावर ठरावीक अंतराने विहिरीसारखे उभे खड्डे बांधलेले असतात. लहान वाहिन्यांवर ते सुमारे तीस मीटरला एक या प्रमाणात असतात. शिवाय वाहिनी जेथे वळते किंवा दोन वाहिन्या जेथे एकत्र येतात, तेथे तर ते हवेतच. त्यांना मॅनहोल म्हणतात. गल्लीत लोक त्यांना चेंबर म्हणतात. रस्त्यावर दिसणारी लोखंडी किंवा सिमेंटची गोल झाकणे या खड्ड्यांची असतात. ही झाकणे गोल करण्यामागे एक सोपे गणित आहे. चौकोनी झाकण तिरपे केले तर आपल्याच भोकातून खाली पडू शकते. गोल झाकण कसेही फिरविले तरी पडत नाही.

सांडपाणी झाकून नेण्याची ही विद्या आपल्या भूमीला नवी नाही. साडेचार हजार वर्षांपूर्वी सिंधूच्या काठच्या मोहेंजोदडो नगरात घराघरांतील पाणी विटांनी बांधलेल्या व झाकलेल्या गटारांतून वाहून जात असे, आणि गाळ काढण्यासाठी त्यांवर जागजागी खड्डे ठेवलेले होते. पुढे ही दृष्टी जगात पुष्कळ ठिकाणी लोपली. गेल्या दोन शतकांत शहरे वाढत गेली, तेव्हा या दुर्लक्षाची किंमत माणसांना प्राणांनी मोजावी लागली. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात पटकीची भयंकर साथ आली आणि सहाशेहून अधिक माणसे मरण पावली. तेव्हाच्या वैद्यांना वाटे, की रोग घाणेरड्या हवेतून पसरतो. जॉन स्नो नावाच्या एका डॉक्टराने मात्र घरोघर फिरून मृत्यूंची नोंद केली. बहुतेक मृत्यू एका सार्वजनिक पंपाच्या आसपास झाले आहेत, असे त्याला आढळून आले. त्याच्या सांगण्यावरून पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. त्या विहिरीला लागूनच एक जुना मैलाखड्डा होता आणि त्यातील घाण पाझरून विहिरीत उतरत होती, हे पुढे उघडकीस आले.

चारच वर्षांनी, १८५८ च्या उन्हाळ्यात, थेम्स नदीला इतकी दुर्गंधी सुटली, की नदीकाठच्या पार्लमेंटात बसणे सभासदांना कठीण झाले. तेव्हा कोठे लंडनच्या भुयारी गटारांना पैसा मंजूर झाला. जोसेफ बॅझलगेट या अभियंत्याने ती बांधली. त्याने पुष्कळ वाहिन्यांना अंड्याचा आकार दिला आणि अंड्याचे निमुळते टोक खाली ठेवले. पाणी थोडे असले, तरी त्या अरुंद तळातून ते वेगाने वाहते, आणि पाणी वाढले की वरची रुंद जागा त्याला पुरते. त्याने बांधलेल्या कित्येक वाहिन्या आजही काम देत आहेत.

ज्या १८५४ साली लंडनमध्ये हा शोध लागला, त्याच साली कोल्हापुरात नगरपालिका स्थापन झाली. १९७२ साली तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. शहर वाढत गेले आणि त्याबरोबर सांडपाणीही वाढले. कोल्हापूरची जमीन सर्वत्र सारख्या उंचीची नाही. पावसाचे पाणी ज्या वाटांनी पूर्वापार नदीकडे जात असे, त्या वाटा म्हणजे शहरातील नाले. त्यांत जयंती आणि दुधाळी हे दोन प्रमुख आहेत. जयंतीला जुन्या काळी लोक नदी मानीत. वस्ती दाट झाली तशी शहराच्या मोठ्या भागाचे सांडपाणी जयंतीत उतरू लागले आणि एका नदीचा नाला झाला. हे दोन्ही प्रवाह अखेर पंचगंगेलाच मिळतात. म्हणजे त्यांना वाटेत अडविले नाही, तर मोरीतले पाणी थेट नदीत जाणार, हे उघड आहे.

त्यांना अडविण्यासाठीच जयंती नाल्यावर बंधारा घालून तेथे उपसा केंद्र उभारलेले आहे. बंधाऱ्याशी साचलेले सांडपाणी पंपांनी उचलून कसबा बावडा येथील मैलाशुद्धीकरण केंद्राकडे पाठविले जाते. या केंद्राची क्षमता दिवसाला ७ कोटी ६० लाख लिटर आहे. दुधाळी येथे दुसरे केंद्र असून त्याची क्षमता १ कोटी ७० लाख लिटर आहे.

शुद्धीकरण केंद्रात घडणारी क्रिया मोठी मनोरंजक असते. प्रथम लोखंडी जाळ्यांवर चिंध्या, पिशव्या, बाटल्या अडकतात. नंतर पाण्याचा वेग कमी करून त्यातील वाळू खाली बसविली जाते. यानंतरचे मुख्य काम माणूस करीत नाही. ते कोट्यवधी सूक्ष्म जीवाणू करतात. मोठ्या टाक्यांतील पाण्यात यंत्राने हवा सोडली जाते. त्या हवेतील प्राणवायूवर जीवाणू वाढतात आणि पाण्यातील घाण हेच आपले अन्न म्हणून खाऊन टाकतात. पुढे पाणी स्तब्ध ठेवले, की जीवाणूंचे पुंजके गाळ होऊन तळाशी बसतात आणि वर निवळ पाणी राहते. क्लोरीनने उरलेले रोगजंतू मारले जातात. मग ते पाणी नदीत सोडता येते किंवा शेतीला देता येते. नदीदेखील आपल्या पोटात हेच काम स्वाभाविकपणे करीत असते. पण तिच्यात घाण मर्यादेबाहेर पडली, तर जीवाणू पाण्यातला सगळा प्राणवायू वापरून टाकतात. उन्हाळ्यात पात्रातील पाणी कमी झाले असता मासे मरून तरंगताना दिसतात. ते पुष्कळदा विषाने मेलेले नसतात. ते श्वास कोंडून मेलेले असतात.

परंतु शुद्धीकरण केंद्र कितीही उत्तम असले, तरी सांडपाणी तेथपर्यंत पोहोचले पाहिजे. म्हणूनच वाहिन्यांच्या निगेला महत्त्व आहे. या वाहिन्यांचे शत्रू अनेक आहेत, आणि त्यांतले बरेचसे आपल्या स्वयंपाकघरातच जन्म घेतात.

पहिला शत्रू म्हणजे तेल. कोल्हापूरच्या तांबड्या रश्श्यावरचा तर्रीदार कट सर्वदूर प्रसिद्ध आहे. पानात वाढलेला तो कट जितका चविष्ट, तितकाच मोरीत ओतलेला कट घातक ठरतो. गरम असता तो पातळ असतो आणि सहज वाहून जातो. जमिनीखालच्या थंड नळात मात्र तो थिजतो व कडेला चिकटतो. त्यावर डाळीची साले, केस, चहाचा चोथा बसतो आणि पुन्हा त्यावर नवा थर चढतो. अशा रीतीने वीतभर रुंद नळाची वाट हळूहळू बोटभर होऊन जाते. दुसरा शत्रू प्लास्टिक आणि कापड. कागद पाण्यात विरघळून सुटा होतो, कापड होत नाही. एक चिंधी नळाच्या सांध्यावर अडकली, की तिच्यामागून येणारी प्रत्येक वस्तू तिला धरून बसते. तिसरा शत्रू झाडांची मुळे. मुळांना ओलाव्याची ओढ असते. नळाच्या सांध्यातील केसाएवढ्या फटीतून ती आत शिरतात, आत गेल्यावर जाड होतात आणि फट रुंदावतात.

चौथा शत्रू मात्र डोळ्यांना दिसत नाही. सांडपाणी एका जागी तुंबून राहिले, की त्यात हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू तयार होतो. सडलेल्या अंड्याचा वास तो हाच. हा वायू पाण्यातून वर येतो आणि नळाच्या छताशी असलेल्या दमटपणात मिसळतो. तेथे राहणारे जीवाणू त्याचे गंधकाम्लात रूपांतर करतात. हे आम्ल सिमेंटला खाते. त्यामुळे ज्या भागाला पाणी लागतही नाही, तो नळाचा वरचा भागच आधी कुजतो. वरून डांबरी रस्ता धडधाकट दिसतो. खाली छप्पर पातळ होत असते. आणि एके दिवशी जड वाहन जाताच तेथे खड्डा पडतो. रस्ता अचानक खचला, असे लोक म्हणतात. वस्तुतः तो कित्येक वर्षे खचत आलेला असतो.

पाचवे संकट पावसाळ्याचे. पावसाच्या पाण्यासाठी वेगळी गटारे आणि मैल्यासाठी वेगळ्या वाहिन्या, अशी व्यवस्था असावी लागते. पण पुष्कळ घरमालक गच्चीवरील पन्हाळीचे पाणी सोयीसाठी मैलावाहिनीला जोडून देतात. मुसळधार पाऊस लागला, की ती वाहिनी भरून वाहते आणि चेंबरमधून घाण रस्त्यावर येते. त्याच वेळी नाल्याचे पाणी बंधाऱ्यावरून उतू जाऊन नदीत पडते. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेला महापूर आले. अशा वेळी नदीच वर चढते आणि वाहिन्यांची तोंडे पाण्याखाली जातात. मग आतले पाणी बाहेर पडू शकत नाही. उलट पुराचे पाणी आत शिरते आणि मागे जोर करते.

रस्त्यावर पाणी साचलेले पाहून काही लोक चेंबरचे झाकण उघडून देतात. आपण शेजाऱ्यांची सोय केली, असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात त्यांनी एक सापळा लावलेला असतो. २०१७ च्या ऑगस्ट महिन्यात मुंबईत अतिवृष्टी झाली, तेव्हा साचलेल्या पाण्यातून पायी घरी निघालेले एक नामांकित डॉक्टर अशाच उघड्या मॅनहोलमध्ये पडले आणि मृत्युमुखी पडले. असंख्य रुग्णांना बरे करणारा मनुष्य एका झाकणावाचून गेला. झाकण उघडे दिसले, तर जवळ खूण म्हणून काठी किंवा फांदी उभी करावी आणि त्वरित पालिकेला कळवावे, हे लहान मुलांनाही करता येण्याजोगे काम आहे. मात्र त्या भोकाजवळ जाऊ नये.

वाहिन्यांची निगा राखणे हे वर्षभर चालणारे काम आहे. पावसाळ्यापूर्वी गाळ काढला जातो. तुंबलेल्या नळात मोठ्या दाबाचा पाण्याचा फवारा सोडणारी गाडी असते. तिला जेटिंग मशीन म्हणतात. तिच्या नळीच्या टोकाला मागच्या दिशेने भोके असतात. त्यांतून पाणी जोराने मागे फेकले जाते आणि नळी आपोआप पुढे सरकत गाळ मोकळा करते. दुसरी गाडी तो गाळ शोषून घेते. नळाच्या आत लहानसा कॅमेरा सोडून भेगा, मुळे आणि खचलेले सांधे पाहता येतात. कोणती वाहिनी कोणत्या गल्लीतून, किती खोलीवरून जाते, याचे बिनचूक नकाशेही ठेवावे लागतात. नाही तर एका कामासाठी खोदणारी कुदळ दुसऱ्याच नळाला लागते. विशेषतः पिण्याच्या पाण्याचा नळ आणि मैलावाहिनी जवळजवळ असतील, तर फार सावध राहावे लागते. दोन्ही फुटले, आणि पिण्याच्या नळातील दाब कमी झाला, तर बाहेरची घाण आत ओढली जाते. नळाला पाणी येते, ते दिसायला स्वच्छही असते. पण त्याबरोबर कावीळ, विषमज्वर आणि पटकी घरात येतात.

यंत्रे नव्हती तेव्हा, आणि दुर्दैवाने यंत्रे आल्यानंतरही, हे काम माणसांच्या हातांनी करविले गेले. कमरेला दोर बांधून माणूस चेंबरमध्ये उतरे आणि हातांनी गाळ उपशी. वर सांगितलेला हायड्रोजन सल्फाइड वायू त्याची तेथे वाट पाहत असतो. त्याचा दुष्टपणा असा, की थोडा असताना त्याचा वास येतो. पण प्रमाण वाढले, की तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारून टाकतो. आत उतरलेल्या माणसाला वाटते, वास गेला, धोका टळला; आणि दुसऱ्या क्षणी तो कोसळतो. त्याला वाचविण्यासाठी त्याचा सोबती धावून उतरतो आणि तोही वर येत नाही. अशा रीतीने एकाच चेंबरमध्ये दोन-दोन, तीन-तीन माणसे दगावल्याच्या घटना आपल्या देशात वारंवार घडल्या आहेत.

हे काम कोणी करावे, हे आपल्या समाजाने दीर्घ काळ जन्मावरून ठरविले होते. ज्यांच्या कष्टांमुळे गाव निरोगी राहिले, त्यांनाच गावाने दूर लोटले. कोल्हापूरकरांना तर या अन्यायाचा विसर पडता कामा नये. कारण याच नगरीत राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ साली मागासलेल्या वर्गांसाठी आपल्या संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवल्या, आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात स्वतः जाऊन ते चहा घेत असत. कायद्यानेही आता हा प्रश्न हाती घेतला आहे. २०१३ साली झालेल्या कायद्याने हाताने मैला उचलण्यास माणूस नेमणे, तसेच संरक्षक साधनांवाचून त्याला गटारात उतरविणे, हा गुन्हा ठरविला. गटारात मृत्यू पावलेल्या कामगाराच्या कुटुंबाला दहा लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले. २०२३ साली ही रक्कम तीस लाख रुपये करण्यात आली. केरळातील काही तरुण अभियंत्यांनी चेंबरमध्ये उतरून गाळ काढणारा यंत्रमानव तयार केला असून अनेक शहरांनी तो वापरात आणला आहे. तथापि गेलेला मनुष्य कोणत्याही रकमेने परत येत नाही. खरा उपाय हाच, की माणसाला खाली उतरावेच लागू नये. नळ तुंबला नाही, तर कोणालाही उतरावे लागत नाही. मोरीत टाकलेली एक चिंधी कोणाच्या तरी जिवाशी खेळू शकते, याचा अर्थ येथे स्पष्ट होतो.

या प्रवासाच्या दुसऱ्या टोकालाही माणसेच आहेत. पंचगंगा कोल्हापुरात थांबत नाही. ती इचलकरंजीवरून, शिरोळ तालुक्यातील गावांना पाणी देत पुढे जाते आणि नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. तेथे हजारो भाविक तिचे पाणी डोळ्यांना लावतात. वाटेत शेतकरी तिच्यावर ऊस पिकवितात, गुरे तिचे पाणी पितात. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. हजारो लोक आजारी पडले आणि अनेकांचे प्राण गेले. साथीच्या रूपाने पसरणारी ही कावीळ मैला मिसळलेल्या पाण्यातून होते. पिण्याचे पाणी आणि मैलापाणी यांच्यातली भिंत ढासळली, म्हणजे काय होते, ते त्या उन्हाळ्याने दाखवून दिले. वरच्या गावाचे सांडपाणी हे खालच्या गावाचे पाणी असते. कोल्हापूरच्याही वर गावे आहेत, आणि त्यांच्याकडून कोल्हापूर स्वच्छ पाण्याची अपेक्षा करते. मग हीच अपेक्षा खालच्या गावांनी कोल्हापूरकडून केली, तर त्यात वावगे काय?

रंकाळ्याचे उदाहरण तर शहराच्या डोळ्यांसमोर आहे. आसपासच्या वस्त्यांतील सांडपाणी नाल्यांवाटे त्यात उतरत गेले. सांडपाण्यात वनस्पतींना पोषक द्रव्ये विपुल असतात; त्यांवर जलपर्णी माजली आणि शेवाळाने पाणी हिरवे झाले. संध्याकाळी ज्या काठावर माणसे हवा खाण्यास येत, तेथे नाकाला रुमाल लावण्याची पाळी आली. नाल्यांचे पाणी वळविण्यासाठी आणि जलपर्णी काढण्यासाठी पुढे पुष्कळ श्रम आणि पैसा खर्च करावा लागला. घाण पाण्यात जाऊ देणे सोपे असते. ती पाण्यातून काढणे फार महाग पडते.

यांतील मोठी कामे अभियंत्यांची आणि पालिकेची आहेत. त्यांनी वाहिन्या टाकाव्यात, केंद्रे चालवावीत आणि कामगारांचे प्राण सांभाळावेत. आणि नागरिकांनी त्याचा जाब विचारावा. परंतु काही कामे अशी आहेत, की ती दुसरा कोणी करू शकत नाही. भांड्यातील तेलकट उष्टे आधी कागदाने पुसून मग भांडे धुणे, मोरीवर जाळी बसविणे, केस, चिंध्या व प्लास्टिक कचऱ्याच्या डब्यात टाकणे, पन्हाळीचे पाणी मैलावाहिनीत न सोडता झाडांना देणे, चेंबर तुंबलेले दिसताच कळविणे, ही ती कामे होत. त्यांना पैसा लागत नाही आणि मोठे वयही लागत नाही.

रस्त्यावरून जाताना चेंबरचे झाकण दिसले, तर त्याखाली काय चालले आहे, याची क्षणभर कल्पना करावी. तेथे अंधारात एक नदी वाहत आहे. तिच्या वाटेवर कधी तरी एखादा मनुष्य उभा राहतो, आणि तिच्या शेवटी कोणाच्या तरी घरची घागर भरली जाते. तो मनुष्य सुखरूप घरी परतावा आणि ती घागर निर्मळ पाण्याने भरावी, यासाठीच शहराने आपली गटारे राखायची असतात.